साडेतीनशे पुडे आणि आपला कंपायलर

कंपायलर डिझाइन हा विषय आपल्या कॉलेजात तीन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. एक, जर्नलमध्ये रंगीत पेनाने आखलेली पार्सिंग टेबलं. दोन, व्हायव्हात हमखास येणारा "एलएल आणि एलआरमध्ये फरक काय?" हा प्रश्न. आणि तीन, विषय सुटल्यावर कॅन्टीनमध्ये होणारी पार्टी! टेबल भरता येतं, फरक तोंडपाठ असतो, पण "बरं, आता एखादी छोटीशी भाषा बनवून दाखव" असं कुणी म्हटलं की अख्खी बॅच एकमेकांच्या तोंडाकडे बघते.

माझं मत स्पष्टच सांगते. हा विषय आपण उलट्या टोकाने शिकतो. आधी मोठ्या भाषेची मोठी थिअरी, मग टेबल, मग याक नावाच्या टूलमध्ये सरांनी दिलेला कॅल्क्युलेटर, आणि शेवटी परीक्षा. खरी क्रमवारी अशी हवी : आधी एखादी लहान, खऱ्या कामाची भाषा घ्या, तिचा पार्सर हाताने लिहा, तो कुठे अडतो ते बघा, आणि मग टूल उघडा. आणि अशी भाषा शोधायला बंगळूरला जायची गरज नाही. ती आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात, तेंदूपत्त्याच्या हिशेबात आहे.

आधी मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांसाठी

पार्सर म्हणजे काय? लिहिलेली ओळ वाचून कोणता शब्द कोणाशी जोडलेला आहे हे ठरवणारा प्रोग्रॅम. "३ + ४ × ५" वाचताना चार आणि पाचची जोडी आधी लावायची, तीन नंतर, हे आपण शाळेत शिकलो. कॉम्प्युटरला ते पार्सर सांगतो. त्याच्याआधी लेक्सर असतो. तो अक्षरांच्या रांगेतून शब्द सुटे करून देतो, म्हणजे भाजी निवडण्याचं काम त्याचं आणि फोडणी पार्सरची.

आणि "छोटी भाषा" म्हणजे एकाच कामापुरती भाषा. डेटाबेसला प्रश्न विचारणारी एसक्यूएल, एक्सेलचे फॉर्म्युले, शब्द शोधायचे रेग्युलर एक्स्प्रेशन या सगळ्या त्याच जातीच्या. यांच्यात गेम लिहिता येत नाही, ऑपरेटिंग सिस्टीम लिहिता येत नाही. पण आपलं काम त्या चोख करतात आणि प्रोग्रॅमर नसलेल्या माणसालाही वाचता येतात. एक्सेल वापरणाऱ्या अकाउंटंट काकांना कुठे माहीत असतं की आपण दिवसभर प्रोग्रॅमिंग करतोय!

जंगलात भाषा कुठून आली?

आपल्या दोन जिल्ह्यांत एप्रिल-मे म्हणजे तेंदूचा हंगाम. पहाटे उठून पानं तोडायची, घरी आणून जुळवायची, सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि संकलन केंद्रावर मोजून द्यायचा. अशा हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. मजुरी ठरते ती शेकडा पुड्यांवर. अनेक घरांचा वर्षातला रोख पैसा मुख्यतः या काही आठवड्यांत येतो.

पूर्वी हा हिशेब वनविभाग आणि ठेकेदार यांच्यातला होता. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर चित्र बदलायला लागलं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. २०१४ मध्ये महाराष्ट्राचे पेसा नियम आले. गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभा आता तेंदूची विक्री स्वतः करतात. म्हणजे मालक ग्रामसभा, विकणारी ग्रामसभा, आणि हिशेब ठेवणारीसुद्धा ग्रामसभाच.

इथे आपल्या विषयाचा प्रवेश होतो. प्रत्येक ग्रामसभेचे नियम वेगळे असू शकतात. दर वेगळा, खराब पुडे बाद करायची रीत वेगळी, मजुरी केव्हा आणि रॉयल्टी कशी वाटायची तेही वेगळं. शिवाय लिलाव झाला की दरवर्षी नियम बदलणार. प्रत्येक वेळी नागपूरहून सॉफ्टवेअरवाला बोलावून कोड बदलून घ्यायचा का? आणि त्याने काय बदललं ते गावाने कसं तपासायचं? मेंढा गाव सर्वसहमतीने निर्णय घेण्यासाठी आणि अभ्यासगटांसाठी देशभर ओळखलं जातं. अशा गावाला न वाचता येणारा प्रोग्रॅम देणं म्हणजे ठेकेदाराची वही काढून घेऊन दुसऱ्या कुणाची तरी वही ठेवण्यासारखं आहे.

म्हणून भाषा हवी, अशी जिच्यातला प्रोग्रॅम ग्रामसभेत मोठ्याने वाचता येईल. समजा असा :

दर शेकडा पाचशे रुपये.
बाद पुडे मोजायचे नाहीत.
घर बारा : साडेतीनशे पुडे, बाद पंधरा.

(दर आणि घर मी उदाहरणासाठी धरले आहेत.) उत्तर : ३५० वजा १५, म्हणजे ३३५ पुडे, १,६७५ रुपये. घर बारामधल्या आजीला कोड येत नसेल, पण या तीन ओळी ऐकून "बाद पंधरा नाही, पाचच होते" हे ती नक्की सांगू शकेल. माझ्या मते छोट्या भाषेची खरी परीक्षा हीच आहे. प्रोग्रॅमरला लिहायला किती सोपी हे नंतर बघू, ज्याचे पैसे आहेत त्याला तिच्यात चूक पकडता येते का ते आधी बघू.

"साडे" आधी, "शे" नंतर

आता तुम्ही म्हणाल, वहीत तर ३५० असा आकडाच लिहितात, "साडेतीनशे" कशाला? लिहितात आकडा, पण माणूस बोलतो शब्दांत. आणि आता फोनवर बोलून टाइप करायची सोय सगळ्यांकडे आहे. तेव्हा पार्सरला दोन्ही वाचता यायला हवं. आणि खरं सांगू, मजा शब्दांतच आहे!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी आकड्यांशी माझं नातं जरा औपचारिकच आहे. "एकोणसत्तर" ऐकलं की मी मनात सत्तर म्हणते, एक वजा करते, आणि मग समोरच्याकडे बघून हसते. त्यामुळे असेल, पण हे आकडे मला नियमांसारखे दिसतात. आणि नियम फार सुंदर आहेत.

"साडेतीनशे" कसं वाचायचं? साडे म्हणजे अर्धा जास्त. तीनला अर्धा जोडला, साडेतीन. त्याला शंभरने गुणलं, ३५०. म्हणजे बेरीज आधी आणि गुणाकार नंतर. सी भाषेत गुणाकाराचा मान मोठा, इथे "साडे"चा. हेच चुकून सीच्या पद्धतीने वाचलं तर आधी तीनशे आणि मग अर्धा, ३००.५. फरक ४९.५ पुड्यांचा, म्हणजे ३,४६५ पानं. ती उन्हात कुणीतरी वाकून तोडलेली आहेत. ऑपरेटरचा प्राधान्यक्रम हा एक मार्काचा प्रश्न वाटतो ना? इथे तो मजुरीचा प्रश्न आहे.

"सव्वादोनशे" २२५, "पावणेदोनशे" १७५, "अडीच हजार" २,५००, "पाऊणशे" ७५. सगळ्यांचा साचा एकच. व्याकरण लिहायचं तर एवढंच :

संख्या = [गुणक "हजार"] [गुणक "शे"] [लहान]
गुणक = लहान | "सव्वा" [लहान] | "साडे" लहान | "पावणे" लहान | "दीड" | "अडीच" | "पाऊण"

"लहान" म्हणजे एक ते नव्व्याण्णव, चौकोनी कंसातला भाग असला तर असला, पण तिन्हींपैकी एक तरी हवाच. "शंभर" तेवढा वेगळा धरा. झालं! आपल्या जर्नलमधल्या "ई" आणि "टी" आणि "एफ"पेक्षा हे जास्त लक्षात राहील की नाही सांगा.

आता यातच थिअरी आपोआप येते. पहिला शब्द "तीन" आला. हा तीन हजारातला, तीनशेतला, की नुसता तीन? एका शब्दावरून कळत नाही. म्हणून आधी गुणक वाचून घ्यायचा, मग पुढचा शब्द डोकावून बघायचा : "हजार" असेल तर हजारने गुणा, "शे" असेल तर शंभरने, काहीच नसेल तर तसाच ठेवा. यालाच पुस्तकात लेफ्ट फॅक्टरिंग म्हणतात. मला ते टेबलावरून कधी समजलं नव्हतं, "तीन"वरून दोन मिनिटांत समजलं.

पुढे बघा. "साडेदोनशे पुडे" असं कुणी लिहिलं तर? व्याकरणाने ते चालतं, पण मराठीत "साडेदोनशे" कुणी म्हणत नाही, अडीचशे म्हणतात. हे व्याकरणाचं काम नाही, अर्थ तपासायचं काम आहे. सिंटॅक्स आणि सिमँटिक्समधला फरक यापेक्षा चांगल्या उदाहरणाने कुणी शिकवला असेल तर मला भेटवा!

आणि "पाच-सहाशे"? हा पाचशे ते सहाशे असा अंदाज आहे. "शे" लागलंय फक्त सहाला, पण ते पाचलाही लागू होतं. "शे-दीडशे", "दोन-अडीचशे" हेही तसेच. यासाठी नियम लिहिता येईल, अवघड नाही. पण मी लिहिणार नाही. मजुरीच्या वहीत अंदाज चालत नाही, म्हणून ही भाषा अंदाज नाकारेल. छोटी भाषा बनवताना काय घ्यायचं याच्याइतकंच काय नाकारायचं हेही ठरवावं लागतं. आणि तो निर्णय कॉम्प्युटर सायन्सचा नसतो, वहीच्या मालकाचा असतो.

मग टूल कशाला?

आता टूलवाल्यांची बाजू. याक हे स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये बनवलं, आणि त्याचा जोडीदार लेक्स माइक लेस्क आणि एरिक श्मिट यांनी (हो, तेच नंतर गूगलचे सीईओ झालेले!). तुम्ही व्याकरण द्या, टूल पार्सर देतं. बायसन हा याकचाच मुक्त अवतार. अँटलर टेरेन्स पार यांचं, ते वेगळ्या पद्धतीने चालतं. ही सगळी उत्तम टूल्स आहेत. मग हाताने लिहा असं मी का म्हणते?

कारण मोठ्या लोकांनीही तेच केलं. जीसीसीने सी++ चा बायसनवाला पार्सर टाकून २००४ मध्ये हाताने लिहिलेला घेतला, सीसाठी २००६ मध्ये. गो भाषेने २०१६ मध्ये याक सोडलं. टूलचा पार्सर ओळ बरोबर असेल तेव्हा छान चालतो, पण ओळ चुकली की तो नेमकं काय चुकलं ते नीट सांगत नाही. आणि माणसं चुकतातच. हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये प्रत्येक नियमाचं एक फंक्शन असतं. "साडे" वाचणाऱ्या फंक्शनला माहीत असतं की पुढे आकडा यायला हवा होता आणि आला नाही. मग ते नीट मराठीत सांगू शकतं.

पण म्हणून टूल फेकून द्यायचं का? मुळीच नाही. टूलचा एक गुण हाताला नाही : तुमच्या व्याकरणात दोन अर्थ निघत असतील तर बायसन आधीच ओरडतं. एक खरं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जोडाक्षरांचे आकडे सोपे व्हावेत म्हणून "वीस एक", "नव्वद सात" असं वाचायची पद्धत दिली गेली. टीव्हीवर केवढा गदारोळ झाला होता! गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांना किती मुलाखती द्याव्या लागल्या. पार्सर लिहिणाऱ्याच्या नजरेने बघाल तर त्यांचा मुद्दा एकदम पटतो. जुन्या पद्धतीत एक ते नव्व्याण्णवची जवळजवळ सगळी नावं पाठ करावी लागतात, लेक्सरलासुद्धा! नव्या पद्धतीत दशकांची नावं आणि एककांची नावं पुरतात.

आता आपल्या भाषेत ही पद्धतही घेतली, आणि कुणीतरी "स्वल्पविराम नको, 'बाद' शब्दही नको, दोन आकडे नुसते शेजारी लिहू" असं सुचवलं तर? "घर बारा : वीस पाच." हे पंचवीस पुडे जमा, की वीस जमा आणि पाच बाद? दोन्ही वाचनं नियमात बसतात. बायसनला हे व्याकरण दिलं की ते शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट सांगतं. आपण जर्नलमध्ये हा शब्द किती वेळा लिहिला, पण त्यात कुणाचे पाच पुडे अडकलेत हे कधी दिसलं नाही. आणि कॉन्फ्लिक्टकडे दुर्लक्ष केलं तर बायसन गुपचूप शिफ्ट निवडतं, पंचवीस धरतं. ब्रायन फोर्ड यांनी २००४ मध्ये मांडलेल्या पेग पद्धतीत तर ओरडाही होत नाही, जो पर्याय आधी लिहिला तोच जिंकतो. सोयीचं आहे, पण वहीसाठी मला भीती वाटते. दोन अर्थ निघतात हे कळायला हवं, आणि कोणता घ्यायचा ते ग्रामसभेने ठरवायला हवं, टूलने नाही.

म्हणून माझा मधला मार्ग असा : व्याकरण बायसनमध्ये टाकून कॉन्फ्लिक्ट शून्य आहेत याची खात्री करा, आणि प्रत्यक्ष वापरायचा पार्सर हाताने लिहा. टूल म्हणजे परीक्षक, हात म्हणजे कारागीर.

देवनागरीची गंमत (आणि डोकेदुखी)

आमच्या लॅबमधली सगळी उदाहरणं इंग्रजीत असतात, त्यामुळे पुढच्या गोष्टी कुणी सांगतच नाही.

फ्लेक्स, म्हणजे लेक्सचा वंशज, अक्षरं ओळखत नाही, बाइट ओळखतो. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. तुम्ही मोठ्या हौसेने [०-९] असं लिहिलं तर फ्लेक्सला त्यात अंक दिसत नाहीत, सुटे बाइट दिसतात. आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट त्या यादीत बसतो! म्हणजे "पुडे"मधला "प"सुद्धा अंकाच्या दारात पाय टाकतो. उपाय सोपा आहे : दहा अंक दहा वेगवेगळे शब्द म्हणून लिहा. पण आधी रोग कळायला हवा. ओळीतली जागा सांगतानाही हेच. बाइट मोजले तर "स्थान ३७" असा निरोप येतो आणि माणूस अख्ख्या ओळीवर बोट फिरवत बसतो.

पायथनमध्ये सुख जास्त आहे. तिथे "३५०" हे देवनागरीतलं लेखन थेट संख्येत बदलता येतं. पण त्याच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये "शब्दातलं अक्षर" म्हणून जे बॅकस्लॅश-डब्ल्यू चिन्ह आहे, त्यात मात्रा बसत नाहीत. "पुडे"चे तुकडे होऊन हातात "प" आणि "ड" येतात, उकार आणि मात्रा रस्त्यात गळतात.

तिसरी गंमत : "दुसऱ्या". (दुसऱ्या फेरीचे पुडे असा शब्द लागणारच.) हा "ऱ्या" दोन प्रकारे टाइप होतो. एकात "ऱ" हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा "र", हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण प्रोग्रॅमला ते दोन वेगळे शब्द. एका फोनवरून नोंद चालते, दुसऱ्यावरून नाही. लेक्सरने आधी दोन्ही एक करून घ्यायला हवेत.

आणि "एकोणीस"? लेक्सरने घाईघाईने "एक" तोडून घेतला तर मागे "ोणीस" असं बिनडोक शेपूट उरतं. म्हणून नेहमी सगळ्यात लांब जुळणारा शब्द घ्यायचा. पुस्तकात लाँगेस्ट मॅच हा नियम एका ओळीत आहे, आपल्या आकड्यांत त्याचा पुरावा आहे.

इथेच गोंडीचाही विचार करायला हवा. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत, विशेषतः एटापल्ली-भामरागडकडे, घरात मोजायला उंदी, रंड, मुंड असं सुरू होतं. १९१८ मध्ये मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी केलेली गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली, आणि आपल्या शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गुंजाळा गावाच्या नावाची लिपी २०१८ मध्ये. त्यांच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये चार बाइट लागतात. म्हणजे "देवनागरी तीन बाइट" असं गृहीत धरून लिहिलेला जुगाड तिथे कोसळणार. शब्दांची यादी आणि व्याकरणाचे नियम वेगळे ठेवले, तर उद्या गोंडी जाणणारा आपलाच एखादा वर्गमित्र यादी बदलून काम पुढे नेऊ शकेल. नियम मात्र त्याने त्याच्या भाषेचेच लिहावेत, "साडे"चा नियम सगळ्यांवर लादू नये.

"सिंटॅक्स एरर" हा निरोप नव्हे

याक आपणहून काय सांगतं? दोन शब्द : सिंटॅक्स एरर. बस! आपण हे वाचून वैतागतो, पण निदान आपल्याला गूगल करता येतं. संकलन केंद्रावर संध्याकाळी रांग लागलेली असताना मुन्शीने काय करायचं?

निरोप असा हवा : "ओळ १२ : 'पाच-सहाशे' हा अंदाज आहे. नेमके किती पुडे ते लिहा." किंवा : "ओळ १५ : बाद पुडे जमा पुड्यांपेक्षा जास्त आहेत. आकडे उलटे लिहिले का?" यात ओळ आहे, चुकलेला शब्द आहे आणि पुढे काय करायचं तेही आहे. शिवाय एका चुकीवर सगळं थांबता कामा नये. पूर्णविरामापर्यंतचा भाग सोडून पुढची नोंद वाचायची, म्हणजे एका घराच्या चुकीमुळे बाकीची घरं लटकत नाहीत. याला एरर रिकव्हरी म्हणतात आणि तो आपल्या नोट्समध्ये शेवटच्या पानावर, "थोडक्यात टिपा लिहा" मध्ये असतो. माझ्या मते तो पहिल्या पानावर हवा.

आक्षेप येणारच

पहिला : "फॉर्म बनव ना, भाषा कशाला?" मान्य. नुसते चार रकाने भरायचे असतील तर फॉर्मच बनवा, मी स्वतः तेच करीन. पण नियम बदलायला लागले, एकमेकांत मिसळायला लागले, आणि ते गावाला वाचून दाखवायचे असले की फॉर्म संपतो आणि भाषा सुरू होते.

दुसरा : "आता एआय आहे, ते वाचेल की साडेतीनशे!" वाचेल. बहुतेक वेळा बरोबरही वाचेल. पण मजुरीच्या वहीला "बहुतेक वेळा" चालत नाही. तीच ओळ दहा वेळा दिली तर दहाही वेळा तेच उत्तर हवं, आणि नाकारलं तर का नाकारलं ते हवं. शिवाय हा पार्सर जुन्या फोनवर, नेटवर्क नसताना चालतो. एआयकडून पार्सर लिहून घ्या हवं तर, पण तो बरोबर आहे का हे तपासायला व्याकरण आपल्यालाच समजायला हवं.

तिसरा, सगळ्यात लाडका : "प्लेसमेंटला काय उपयोग?" टाटांनी १९८१ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात केशव नोरी होते. पास्कल-पी कंपायलरवर काम केलेल्या मंडळींपैकी ते एक. त्याच केंद्रात मॉडेल लिहून त्यावरून कोड तयार करणारी साधनं बनली, आणि ती उद्योगात वापरली गेली. आपण ज्यांचं सिस्टीम प्रोग्रॅमिंगचं पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री उघडतो ते धामधेरे सर आयआयटी मुंबईचे. म्हणजे हे काम आपल्याच राज्यात झालंय. टेकफेस्टच्या उद्घाटनात दरवर्षी पाणिनीचं नाव घेऊन टाळ्या वाजवतात. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी बॅकसच्या पद्धतीला पाणिनीचंही नाव द्या असं पत्र लिहिलं होतं, ते खरंच आहे. पण पाणिनीने आपल्या आजूबाजूला बोलली जाणारी भाषा कान देऊन ऐकली होती, तेवढं आपण केलं तर टाळ्यांपेक्षा बरं.

तर मागणी काय?

डिपार्टमेंटकडे माझी मागणी छोटी आहे. कंपायलरच्या लॅबचे चार प्रयोग बदला. पहिला, मराठी संख्यांचा पार्सर हाताने लिहा. दुसरा, तेच व्याकरण बायसनला द्या आणि आलेला प्रत्येक कॉन्फ्लिक्ट मराठीत समजावून लिहा. तिसरा, वीस चुकीच्या ओळी द्या आणि मार्क फक्त एररच्या निरोपाला द्या. चौथा, हिशेब ठेवणाऱ्या एखाद्या खऱ्या माणसाला तो प्रोग्रॅम वाचून दाखवा आणि त्याला काय कळलं नाही ते जर्नलमध्ये लिहा. वही तेंदूचीच हवी असं नाही. धानाची असेल, बचत गटाची असेल, मेसची असेल!

आणि आपल्याकडे, म्हणजे फायनल इयरला जाणाऱ्यांकडे : लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीमचा अकरावा अवतार या वर्षी नको. तेंदूचा हंगाम आपल्या सुट्टीच्या तोंडाशीच येतो. कुणाचं गाव कुरखेड्याकडे असेल, कुणाचं सिंदेवाहीकडे. घरी गेलात की एक संध्याकाळ केंद्रावर बसा, लोक आकडे कसे बोलतात ते वहीत उतरवा, आणि कॉलेज उघडल्यावर ती वही लॅबमध्ये आणा. कोड मी लिहायला बसते तुमच्यासोबत. संख्यांचा पार्सर काही फार मोठा होणार नाही, दोनशे-सव्वादोनशे ओळी.

(हा अंदाज आहे. वहीत चालणार नाही!)

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी